रुसव्याची सुट्टी

मु. बालोद, तांदुला तलावाजवळ
(कायमचा पत्ता : भिलाई, सेक्टर एक)

तीर्थरूप दौलतदादाच्या पायावर धाकट्या चिंधूनं डोकं ठेवलं आहे असं समजावं. (डोकं रुसलेलं आहे, पण ठेवलं आहे.) इकडे आम्ही खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? कबऱ्या गाईले काय झालं, गोऱ्हा का कालवड? रीत म्हणून विचारून राहिलो, नाहीतर मले काय करायचं आहे!

पत्र लिहायचं कारण की, या उन्हाळ्यात आम्ही गावाले आलो नाही याचं तुम्हाले वाईट वाटत असेल. वाटू द्या. माघात आपल्या रत्नमालेच्या लग्नात माझा मान ठेवला गेला नाही, अन् तुमचा हा भाऊ भरल्या ताटावरून उठून तडक स्टेशनावर गेला, हे सगळ्या गावानं पाहिलं. कोणता मान, ते मी आजवर कोणाले बोललो नाही, घरात सत्यभामेलेही नाही. आता लेखी सांगून टाकतो. टोपी! सगळ्या भावकीले दुपट्टा अन् टोपी, अन् नवरीच्या सख्ख्या काकाले नुसता दुपट्टा! ज्या चिंधूनं भिलाईची भट्टी उभी केली (एकट्यानं नाही, रशियावालेही होते) त्याचं डोकं भर मांडवात उघडं? तवाच म्हटलं, दादा स्वतः बोलावत नाही तोवर त्या दारात पाय ठेवणार नाही. होळी गेली, पाडवा गेला, पोस्टमन आमच्या क्वार्टरसमोरून सायकल न थांबवता जाऊन राहिला.

मे लागला तशी सेक्टरातली आपल्याकडची सगळी मंडळी ट्रंका उचलून गोंदियाच्या गाडीत बसली. पोरी विचारून विचारून डोकं खाऊ लागल्या, "बाबा, आपण कावून नाही जाऊन राहिलो?" म्हटलं, आपण हवा पालटायले जाणार, साहेबलोकांसारखे. भट्टीवरचा माझा जोडीदार भैयालाल बालोदचा, त्याचं तिथलं घर रिकामंच होतं. मनात म्हटलं, तलावाकाठी राहू, नावेत बसू, अन् तसं दादाले कळवू, म्हणजे दादाचा जीव जळेल. (आपल्या घरामागे तलाव आहे हे मले माहीत आहे. ते तुम्ही काढू नका.)

तर दादा, फार मजा आली. तलाव भलताच मोठा आहे, फक्त उन्हाळ्यात तो जागेवर नसतो. धरणाच्या पाळीवर चढून पाहतो तर खाली भेगा पडलेली माती, अन् पाणी कुठं तरी लांब चमकून राहिलं. तिथवर चालत जाताना नलूच्या चपलेचा अंगठा तुटला, धाकटी बेबी खांद्यावर बसली ती उतरलीच नाही. दुपारी जरा पडावं म्हटलं तर इतकं शांत, की डोळा लागत नाही. भिलाईत भट्टीच्या धडधडाटात आम्ही घोरतो, अन् इथं पान पडलं तरी दचकतो. शेवटी सत्यभामेनं नलूले परात वाजवायले बसवलं, तवा कुठं डुलकी लागली. तर शेजारीण धावत आली, म्हणे टोळधाड आली का?

नावेचं मात्र मी सोडलं नाही. फकिरा केवट म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्या डोंग्यात बसलो. मी लग्नातला कोट घातला, खांद्यावर तुमचाच तो दुपट्टा टाकला. सत्यभामेनं भाकरी अन् वहिनीनं दिलेली लोणच्याची बरणी घेतली. (तुमचं लोणचं खातो म्हणून रुसवा कमी झाला असं समजू नये.) मधोमध गेल्यावर मले वाटलं, आपण उभं राहून पाहावं, म्हणजे पत्रात लिहायले बरं. फकिरा ओरडला, "बइठ न गा, काबर ठाढ़े हस!" तो 'खाली बस, उभा कावून' म्हणतो हे कळेपर्यंत मी पाण्यात, माझ्यावर भाकरी, भाकरीवर बरणी. मी "बुडालो, बुडालो" करून राहिलो, पोरी भोकाड पसरून राहिल्या, अन् फकिरा आपली बिडी ओढून राहिला. सत्यभामा म्हणे, "अहो, उभे तर राहा!" उभा राहिलो, तर पाणी गुडघ्याले. मग डोंगाही चिखलात रुतला, तो मीच ओढत काठाले आणला. बायको-पोरी आत बसूनच होत्या.

एकंदरीत सुट्टी आनंदात गेली. तुमचे आंबे, घरामागच्या पाळीवरचा वारा, वहिनीच्या हातचा रस, कशाची म्हणून आठवण आली नाही. एकदा आली, पण ती बेबीले आली. तिच्यासोबत मीही थोडा रडलो, एकटं पोर कसं रडू द्यावं?

तुमचा न बोलावलेला भाऊ,
चिंधू

ता. क. : उलटलेल्या बरणीच्या तोंडावर एक पांढरं फडकं ओढलेलं होतं. आज सत्यभामेनं ते धुऊन वाळत घातलं, तर ती टोपी निघाली! म्हटलं, ही कोणाची? तर म्हणे, "तुमचीच. लग्नात तुम्ही बँडवाल्यांसोबत भांडून राहिले होते, म्हणून वहिनीनं माझ्या हातात दिली. मग तुम्ही तर निघालेच. बरणीले झाकण नव्हतं, तोंडावर बरोबर बसली." म्हटलं, मग बोलली कावून नाही? म्हणे, "तुम्ही नुसतं मान मान करत होते. टोपीचं नाव तरी काढलं का?" यात माझं काय चुकलं ते मले दिसत नाही. बरणी झाकणासकट द्यायची असते, हे वहिनीले सांगावं.

आणखी ता. क. : हे पत्र पोस्टात टाकलं नाही, सत्यभामेच्या हातानं पाठवून राहिलो. ती रुसली नव्हती, त्यामुळे पोरींना घेऊन सरळ तुमच्या स्वयंपाकघरात गेली असेल. टोपी निघाली तशी गावची गाडी धरली, अन् मी घरामागच्या आपल्या तलावाच्या पाळीवर बसलो आहो. बोलावल्याशिवाय यायचं नाही असं म्हणून बसलो, आता काय करू? टोपी घातली आहे. लोणच्याचा वास गेला नाही, माशा बसून राहिल्या. ऊनही डोक्यावर आलं. फार मोठं बोलावणं नको दादा, मागच्या दारातून नुसतं "चिंध्या" म्हणा. इथपर्यंत ऐकू येते.