अप्पांची डावी बाजू

जे. पी. नगर, बेंगळूरु
रविवार, दुपार

ती. सुनंदाआजींना रूपश्रीचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण आठवडाभर प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड लिहून पाठ वाकलेलीच आहे, तोच धरून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? धारवाडचा उकाडा स्वल्प उतरला का? आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. फोन का केला नाही म्हणाल, तर घरातला प्रत्येक फोन अप्पा स्पीकरवर लावायला सांगून समोर बसतात. तुमच्या थोरल्या भावाबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं!

मी बीएस्सीला मानव आणि प्राणी शरीरक्रियाशास्त्र शिकते, हे तुम्हाला माहीत आहे. (अप्पा सगळीकडे 'डॉक्टरकी' सांगतात. मी दुरुस्त करणं सोडलं आहे.) आमच्या मैत्रेयी मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने साठीच्या पुढचं एक माणूस आणायचं, त्याचा रक्तदाब, श्वास आणि नजर मोजायची. शेजारच्या अंबुबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी रक्त देणार नाही. रक्त कोणी मागितलंच नव्हतं. तेवढ्यात अप्पांच्या कानावर गेलं आणि मला दुसरं माणूस शोधायची मुभा उरली नाही. बुधवारी सकाळी सातला ते कोट घालून दारात उभे.

बेळ्ळंदूरच्या पुढे कॉलेज, तिथवर स्कूटरनेच जायचं हा त्यांचा हट्ट. त्या स्कूटरचा डावा आरसा वर्षात तीनदा फुटला आहे आणि तिन्ही वेळा चूक ऑटोवाल्यांची होती. मी मागे बसून स्वतःची नाडी मोजली. एकशे अठरा. (ही नोंद रेकॉर्डात चालत नाही, मी साठीची नाही.)

प्रयोगशाळेत शिरताच त्यांनी बेडूक कुठे आहे ते विचारलं. बेडूक आता कॉम्प्युटरवरच कापतात हे ऐकून ते खट्टू झाले. मग रक्तदाब उत्तम निघाला, तो त्यांनी शेजारच्या टेबलांना कळवला. श्वास मोजायच्या नळीत फुंकर मारून झाल्यावर बाकीच्या म्हाताऱ्यांना फुंकायचं कसं ते शिकवायला लागले. तासाभरात सगळे त्यांना अप्पासाहेब म्हणत होते आणि कॉफी आधी त्यांनाच येत होती. मी एकटीच दमले होते.

शेवटी नजरेचा प्रयोग. एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि मी कानाच्या मागून पेन्सिल हळूहळू पुढे आणायची. दिसली की सांगायचं. उजवा डोळा झटपट झाला. डावा घेतला. मी पेन्सिल आणते आहे, आणते आहे, अप्पा गप्प. मी म्हटलं, "अप्पा, दिसली की सांगा."

"तू आणलीस की सांगतो," ते म्हणाले.

पेन्सिल तेव्हा जवळजवळ त्यांच्या समोर आली होती.

मी पेन्सिल बदलली, टेबल बदललं, तीनदा केलं. मग मॅडमनी स्वतःच्या हाताने केलं. त्या एरवी आमच्या चुकांवर भरपूर बोलतात. या वेळी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि अप्पांना समजावलं, की हा फक्त मुलांचा प्रयोग आहे, निदान नव्हे. पण काचबिंदू असू शकतो, याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर गाडी चालवू नका. नजर कडेने गेली की माणसाला कळत नाही, मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून काढतो. आजी, हा धडा मी पाठ केला आहे. त्यावर मला दहापैकी आठ मार्क आहेत. आणि वर्षभर मी त्या स्कूटरवर मागे बसून ऑटोवाल्यांना नावं ठेवत होते.

खाली आल्यावर अप्पांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "तू चालव," म्हणाले. "मी मागे बसून उजवीकडचं बघतो."

 अर्ध्या रस्त्यात एका सिग्नलला त्यांनी विचारलं, कडेचं सगळ्यात जास्त कुठल्या जनावराला दिसतं? मी सांगितलं, शेळीला बरंच दिसतं, जवळजवळ मागचंसुद्धा. "मग शेळीलाच लायसन्स द्यायला हवं," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर ठेवलेला हात घरापर्यंत काढला नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी पत्र कशाला लिहिलं असतं. गुरुवारी सकाळी ते कढीपत्ता आणायला पुन्हा स्कूटरवरून गेले. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, पोरांच्या पेन्सिलीवर मी डोळे ठरवू का? बाबांनी नेहमीसारखी मान डोलावून 'सरी, अप्पा' म्हटलं आणि ऑफिस गाठलं. तेव्हा किल्ली मी माझ्या कंपासपेटीत लपवली. अप्पा ती तीन दिवस गुपचूप शोधताहेत, कोणाला विचारत नाहीत. मीही त्यांच्याबरोबर शोधते. याने फार थकायला होतं, आजी.

बाकी काही विशेष नाही. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
रूपश्री

ता. क. थोडं विशेष आहे. अप्पांचा प्रयोग रेकॉर्डात धरता येत नाही. नजर चांगली असलेलंच माणूस हवं, तेही वीस तारखेच्या आत. तुम्ही अडुसष्टच्या आहात आणि तुमचे डोळे ठणठणीत आहेत. शनिवारच्या गाडीने याल का? अप्पांना चार शब्द सुनावायची हिंमतही तुमच्याशिवाय कोणात नाही.

आणखी एक ता. क. एवढं लिहीपर्यंत अप्पा मागे येऊन उभे राहिले. मी घाईने कागद त्यांच्या डावीकडे सरकवला, आणि मग मलाच फार वाईट वाटलं. कोणाला लिहितेस, त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं.  मग ते म्हणाले, "सुनंदाला लिही, तिचे डोळे दाखवायचे कधीचे राहिलेत. इकडे ये म्हणावं. तिला एकटीला भीती वाटते, मी जाईन सोबत."

तेव्हा आजी, कॉलेजात तुमचे डोळे ठणठणीत आणि घरात अधू, असं दोन्ही सांभाळावं लागेल. तुम्ही आल्यावरच्या सोमवारी सकाळी अकराची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुम्हा दोघांच्या नावाने. आधी तुम्ही आत जा.