पितळेची सरळ पट्टी

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
५ जानेवारी २०२५

ती. स्व. मधुमामास शलाकाचा शि. सा. न. वि. वि.

गिटार आली! हे पत्र तिच्याच कव्हरच्या खिशात आहे आणि ती बाबांच्या मांडीवर बसून रिक्षाने अंबरनाथला, पहिल्या पाळीला निघाली आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, मेसेज लिहायला तुझी बोटं जाड, म्हणून हे आपलं खासगी टपालखातं. पोस्टमन कुरकुरतो, पण नेतो.

हीच ती, जिच्यासाठी मी दोन महिने उल्हासनगरला धर्मेशभाईंच्या दुकानात खेटे घातले. घाट साठ वर्षांपूर्वीचा, माल नवा कोरा आणि स्वस्तातला. रंग आजोबांच्या स्कूटरसारखा फिका हिरवा. आवाज पकडणारे दोन पिकअप म्हणजे थेट लिपस्टिकच्या नळ्या! माझी मैत्रीण तेजस्वी हिच्याकडे चौपट महाग गिटार आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाजवल्या. तिचा आवाज जाडसर, गोड, शिस्तीतला. माझीचा खणखणीत आणि जरा आगाऊ. तेजस्वीने ती दोनदा मागून घेतली आणि परत देताना तोंड वाकडं केलं, यातच काय ते समज.

तक्रार एकच. ब्रिजवर, म्हणजे खाली जिथे तारा टेकतात तिथे, प्रत्येक तारेचा एक असे सहा लोखंडी तुकडे आहेत. त्यातले दोन ढिले असल्याने खरखर होते. एमआयडीसीत तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला हे काय अवघड?

आता मुद्द्याचं. नऊ फेब्रुवारीला आपल्या कीर्तीची हळद. तुझ्या लेकीने सगळ्यांना बजावलंय की डीजे नको, शंकररावांची बेंजो पार्टी हवी आणि त्यात तिच्या बाबांचा जाड तारांचा, खर्जातला बेस हवा. गिटार घेऊन मीही उभी राहणार. तू माळ्यावरून बेस उतरवतोस की नाही, तेवढं कळव. मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो जरा मोठ्या आवाजात असावा.

तुझी,
शलाका


अंबरनाथ
१० जानेवारी २०२५

चि. शलाका हिस मधुमामाचे अ. उ. आ.

गिटार पोचली. दिसायला फक्कड आहे, पण बनवणाऱ्याने काम काय केलंय! ते सहा तुकडे एका रेषेत नाहीत. एक पुढे, एक मागे, शाळा सुटल्यावर पोरं उभी राहतात तसे. मी असला जॉब केला असता तर साहेबांनी माझ्याच अंगावर फेकला असता.

मी सगळे काढून टाकले. त्याऐवजी पितळेची एक अखंड पट्टी बनवली, तारांसाठी सहा खाचा पाडल्या आणि गुण्या लावून काटकोनात बसवली. गिटारच्या वरच्या टोकापासून दांडीवरच्या बाराव्या पट्टीपर्यंतचं, म्हणजे फ्रेटपर्यंतचं, अंतर मोजलं, बरोबर दुप्पट केलं आणि तिथे ठोकून पक्की केली. केसभर फरक सापडला तर मिशी उतरवीन. खरखर गेली.

बेसचं म्हणशील तर, नाही. तुझ्याच हेंद्रेपाड्यात सात वर्षांपूर्वी एका हळदीला माझी तार उतरली होती आणि मी अख्खं गाणं बेसूर वाजवलं. मला कळलं ते लोकांच्या तोंडाकडे बघून. शंकरराव काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या दणदणाटाने कान नेले, त्याला कोण काय करणार? अजून ताईकडे येतो तो मागच्या गल्लीने येतो. स्वतःच्या लेकीच्या हळदीत तसं झालं तर मला सहन व्हायचं नाही. कीर्तीला तू समजाव. तिने विचारलं की माझ्याने तिच्याकडे बघवत नाही.

भाऊजींना सांग, पुढच्या खेपेला चहा न घेता जायचं नाही. माया कमी करू नकोस.

तुझा,
मधुमामा


हेंद्रेपाडा
१३ जानेवारी २०२५

ती. स्व. मामास शि. सा. न.

पट्टी इतकी सुंदर आहे की आईने ती गिटारसकट देव्हाऱ्यातल्या समईशेजारी धरून पाहिली. बाबांनी तर शिफ्टमधल्या चौघांना नेऊन दाखवली.

आता रागावू नकोस. हे लिहिण्याआधी मी दोन कागद फाडले. मामा, गिटार बेसूर झाली आहे. तारा मोकळ्या वाजवल्या की सुरात, पण वर दाबत गेलं की सूर चढतो, जाड तारांचा तर फारच. ते तुकडे चुकून वाकडे नव्हते रे, मुद्दाम तसे लावलेले होते. ‘छान झालंय’ असं लिहून टाकावं असं मनात आलं होतं. पण खोटं लिहिलं असतं तर कळूनही तुला न सांगणाऱ्या त्या हळदीतल्या लोकांसारखीच मीही ठरले असते.

आणि यात तुझ्या कानांचा काडीचा दोष नाही. चुकलं ते तुझं गणित! गिटार परत पाठवते आणि सोबत चिमट्यासारखा एक ट्यूनर. गिटारच्या टोकाला लावायचा. तो आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर ओळखतो. सूर बरोबर असला की काटा मध्ये उभा राहतो. स्वतः बघ. डब्यात तिळगूळ आहे. तो आधी खा, मग चिड, आणि गोडच बोल.

तुझी आगाऊ भाची,
शलाका


अंबरनाथ
१९ जानेवारी २०२५

चि. शलाका हिस अ. उ. आ.

तिळगूळ खाल्ला आणि तरीही दोन दिवस चिडलो. मामी म्हणाली की मिशी आता उतरवताय की जेवणानंतर. तिसऱ्या दिवशी तो चिमटा लावून बसलो. अगं पोरी, हा तर आमचा केसभर फरक दाखवणारा डायल गेज! तीस वर्षं मी काट्याकडे बघूनच काम केलं. मोकळी तार वाजवली, काटा मध्ये. बारावी पट्टी दाबली, काटा उजवीकडे पळाला. पुन्हा केलं, पुन्हा पळाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तार दाबली की ती ताणली जाते, म्हणून तिला आधीच थोडी जास्त लांबी द्यायची. जाड तारेला जास्त, बारीक तारेला कमी. फिटिंगमध्ये सूट ठेवायची असते हे मीच शिकाऊ कामगारांना घोकायला लावायचो आणि तुझ्या गिटारला कणभर सूट दिली नाही!

आता पितळेचेच सहा सुटे तुकडे केलेत, स्क्रूने मागेपुढे सरकणारे. काटा बघून एकेक लावला. वाजवून कळव.

आणखी एक. कीर्तीला सांगायचं नाही, शपथ घे. बेस उतरवला. मशीनच्या पॅकिंगच्या लाकडी खोक्यातून मीच कापलेला, पाठीवर ‘ही बाजू वर’चा बाण अजून तसाच आहे. तुझ्या हिरवीपुढे तो म्हणजे बैलगाडी, पण हाडापेराने पक्का. आतला पिकअप मेला होता. धर्मेशभाईंकडून नवा आणला. तेही मला ओळखून आपल्या सिंधी थाटात, ‘साईं, इतकी वर्षं होतात कुठे?’ असं विचारत होते. वायरिंग बदललं, तारा नव्या लावल्या, काटा मध्ये आणला. मग बेसचं लाकूड छातीला टेकवून जाड तार छेडली. शलाका, ती मला कळली. कानात नाही, बरगड्यांत. मी एकटाच हसत बसलो होतो.

तार आता उतरणार नाही. पण गर्दीत ताल कसा पकडायचा? काटा ताल दाखवत नाही. त्याची मात्र धास्ती आहे. तरी शंकररावांना निरोप दे की मधु येतोय. आठवण ठेव आणि तोंड बंद ठेव.

तुझा,
मधुमामा


अंबरनाथ
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शलाका हिस मधुमामाचे अनेक आशीर्वाद.

कीर्ती काल सासरी गेली. घर सुनं झालंय, म्हणून लिहायला बसलो. तू हळदीत माझ्याकडे पाठ करून वाजवत होतीस (आणि काय झकास वाजवत होतीस!), म्हणून तुला काही दिसलं नाही. ते सांगतो.

दुसऱ्या गाण्याला बायका नाचायला उठल्या, ढोल चढला आणि माझ्यासाठी सगळ्याचा एकच गोंगाट झाला. बेंजो नाही, तू नाहीस, काही नाही. काटा मध्ये उभा होता, पण मी हरवलो. हात थांबवणार होतो. सात वर्षांपूर्वीच्या हळदीतली तोंडं आठवली. तेवढ्यात समोर पाटावर बसलेल्या कीर्तीकडे लक्ष गेलं. हळदीने माखलेली माझी लेक माझ्याकडेच बघत होती. तिने साडी जरा वर घेतली आणि पिवळा पाय जमिनीवर आपटायला लागली. एक, दोन, तीन, चार. लहानपणी माझ्या स्पीकरच्या खोक्यावर बसून टाचा आपटायची, अगदी तशी. मी तिच्या पायावर वाजवत गेलो. पाऊण तास, शलाका! एक मात्रा चुकलो नाही, असं शंकरराव म्हणाले. आणि ते तोंडदेखलं बोलणारे नाहीत हे मला ठाऊक आहे.

नंतर ती येऊन बिलगली तेव्हा बेस माझ्या गळ्यातच होता आणि तिचा हात बेसच्या मागून माझ्या कमरेभोवती आला. त्याच्या पाठीवर, बाणाच्या जरा खाली, तिची हळदीची पाच बोटं उमटलीत. मामी पुसायला निघाली होती, मी हात लावू दिला नाही.

आता ऐक. शंकररावांना चार मार्चची हळद मिळाली आहे. कुठे, तर तुमच्या हेंद्रेपाड्यात! ‘मधु, येशील ना?’ म्हणाले. मी हो म्हणालो. या खेपेला पुढच्या रस्त्याने येणार, बेस खांद्याला लावून. पण समोर कीर्ती नसणार आणि तू वाजवण्यात गुंग. म्हणून शंकररावांना एकच अट घातली आहे की पार्टीतल्या प्रत्येकाने चपला काढून, पायाने ताल धरत वाजवायचं. मला सगळ्यांचे पाय दिसले पाहिजेत.

जीव लावलास, तो असाच लावत राहा.

तुझा,
मधुमामा