लॅपटॉपची खांदशेकणी

१० ऑगस्ट, रविवार

मोडलं! एकदाचं मोडलं.

सकाळी पुण्याच्या पोरांना भागाकार शिकवत होते आणि लॅपटॉपची मान धाडकन मागे पडली. उजवी बिजागरी निखळली, डावी करकरत कशीबशी धरून आहे. पोरांना माझ्याऐवजी घराचं आढं दिसायला लागलं. "मिस, तुमच्याकडे पाल आहे!" झालं — सगळा वर्ग पाल बघण्यात गुंग. शेवटी ज्वारी मोजायच्या पायलीचा टेकू दिला, तेव्हा कुठे भागाकार पुढे सरकला.

त्यातच मामाजींची ओट्यावरून नेहमीची हाक — "मयुरी, चहा टाक वं, पाव्हने आले!" अख्ख्या पुण्याने ऐकलं. चहा घेऊन बाहेर गेले तर पाहुणे विचारत होते, सून काय करते? मामाजी म्हणाले, "काई नाई. घरीच असते."

घरीच असते! वर्षभर झालं, आदिलाबाद जिल्ह्यातल्या या खेड्यात बसून पुण्याच्या पोरांना गणित शिकवतेय, हैदराबादच्या कंपनीचा पगार घेतेय. सासऱ्यांच्या तोंडी 'नोकरी' हा शब्द अजून आलेला नाही. "मयुरीचं ते डब्याशी खेळनं" — एवढंच.

११ ऑगस्ट, सोमवार

कंपनीचा मेल आला. २३ तारखेला एक मॅडम माझा वर्ग बघायला बसणार. आवडला तर नोकरी पक्की, नाही तर राम राम. आणि माझा लॅपटॉप पायलीला टेकून उभा!

वैभवला सांगितलं. नवरोबा म्हणाले, "फेक तो अन् नवा घे. दिवाळीत. कापूस येऊ दे."

"मग २३ तारखेला मॅडमना काय दाखवू? बोंडं?"

हसत शेतात निघून गेला. मला मुळीच हसू आलं नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

लॅपटॉप वैभवच्या जुन्या लुंगीत बांधून आदिलाबादला नेला. पहिल्या दुकानदाराने तो उघडलासुद्धा नाही. "कोत्तदि तीस्कोंडि." नवीन घ्या. म्हटलं, फक्त बिजागरी बदला. कोत्तदि. म्हटलं, एक-दोन बटणंही निघालीत. कोत्तदि! या माणसाकडे कोणी चष्म्याचा स्क्रू आवळायला आला, तरी हा त्याला नवीन डोळे घ्यायला सांगेल.

दुसरा गोड बोलला. "हो जायेगा मॅडम. पार्ट मंगाना पडेगा. पंद्रह दिन."

पंधरा दिवसांत माझी नोकरी आटोपलेली असेल. गाठोडं मांडीवर घेऊन बसने परत आले. शेजारच्या बाईने विचारलं, "भाकरी हाय का?" हो म्हटलं. कोण समजावत बसणार!

१६ ऑगस्ट, शनिवार

वैभव आज कधी नव्हे तो मनावर घेऊन बसला. दिवाळी राहू दे, उद्याच हप्त्यावर आणू, म्हणाला. मला तर त्याची दृष्ट काढावीशी वाटली. तेवढ्यात मामाजी आडवे आले. "पोळ्याच्या आंधी दावनीचं काई बी दाराभाईर जात नाई. अन् नवं आत येत नाई."

"पन बाबा, तो काय बैल हाय?" वैभव म्हणाला.

"काम करते ना? मंग?"

आणि मांडी घालून लॅपटॉपची तपासणीच सुरू केली. पडदा उघडून बटणांवरून बोट फिरवलं. "दात पडले याचे." मग खालून हात लावला. "आंग तापलं हाय. कितीक वेळ जुतून ठेवते याले? मंधात सोडते का नाई?" मी म्हटलं, सोडते. त्यांना काही पटलेलं दिसलं नाही.

पोळा २२ ला. तपासणी २३ ला. पोळ्यानंतर म्हणे नवा आणू! मला सगळं समजतं. लॅपटॉप आला नाही की नोकरी गेली, नोकरी गेली की सून घरीच. रागाने भाजीत दोनदा मीठ पडलं. मामाजींनी मुकाट्याने खाल्ली.

१८ ऑगस्ट, सोमवार

वर्ग चालू असताना मामाजी येऊन चार्जर काढून गेले. "चारा खाऊ घालता घालता कोनी औताले जुतते काय?" बॅटरी संपली. अपूर्णांक अपूर्णच राहिले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

आज खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना गरम हळद-तूप चोळतात — वर्षभर जू ओढून ते ठणकत असतात ना. मी पुरणाची डाळ निवडून खोलीत आले. बघते तर लॅपटॉप पिवळाधमक! बिजागऱ्यांवर तुपाचा लेप, तूप ओघळून बटणांत शिरलेलं, आणि मामाजी हातात वाटी घेऊन उभे.

"करकर करत होता बाप्पा. मनलं, खांदा शेकून द्यावा."

बटण दाबलं. पडदा एकदा लुकलुकला आणि मिटला. पुन्हा दाबलं. काही नाही.

मग माझा तोल सुटला. "तुम्हाला माझं काम नकोच होतं! शेवटी मोडलंतच ना?"

घरात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. मामाजींनी वाटी खाली ठेवली आणि बाहेर गेले. जेवायलाही आले नाहीत. मला रडू आवरत नाहीये. नोकरीसाठी की बोलले त्यासाठी, तेच कळत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार — पोळा

मामाजी पहाटेपासून घरात नाहीत. पोळ्याच्या दिवशी! बैल वैभवने धुतले, शिंगं वैभवने रंगवली. आमची बैलजोडी पहिल्यांदाच मामाजींशिवाय तोरणाखाली उभी राहिली.

पुरण वाटताना सासूबाई, मालनबाई, हळूच म्हणाल्या, "काल बैलाईच्या कानात त्याईनं आवतन देल्लं — आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मंग आत येऊन तुह्या त्या डब्याले बी देल्लं. म्या सोता आयकलं. जे वरीसभर राबते, त्यालेच देतेत आवतन."

पुरण वाटायचं थांबले. लाज वाटली. खूप.

दिवेलागणीला मामाजी आले. काखेत नव्या झुलीत गुंडाळलेलं काहीतरी. उलगडलं — लॅपटॉप! शेजारच्या गावच्या अमृतरावांची लेक बासरला कॉलेजात शिकते, सुटीला आलीय. तिचा.

"एकच बैल असला तं शेजाऱ्याचा आनून जोडी लावतेत. सावड म्हन्तेत त्याले," मामाजी म्हणाले. "आठ दिस तुह्यापाशी राहू दे. सोमवारपासून आपला पाखऱ्या बैल त्याईच्या कपाशीत तन काढाले, डवऱ्याले जाईन."

म्हणजे माझा वर्ग पाखऱ्या ओढणार! रात्री त्याला स्वतःच्या हाताने आणखी एक पुरणपोळी चारली.

२३ ऑगस्ट, शनिवार

पक्की झाले! पक्की! मॅडमनी एकच विचारलं, मघाशी घुंगरांचा आवाज कसला? म्हटलं, स्टाफ आहे.

जुन्याचा निकालही लागला. मामाजींनी त्याला एकदा उघडून मिटलं. "म्हातारा झाला. आता नवा आन. दात पाहून घेजो." भंगारात मात्र द्यायचा नाही, असा हुकूम आहे. फळीवर बसलाय, कपाळाला कुंकू. डावी बिजागरी तुपामुळे अजिबात करकरत नाही, हेही नोंदवून ठेवते.

मामाजींना म्हटलं, चुकलं माझं. म्हणाले, "चहा टाक."

२६ ऑगस्ट, मंगळवार

ओट्यावर पाव्हणे आले. मी चहाचं आधण ठेवायला उठले, तेवढ्यात आवाज आला — "सून दिसत नाई?"

मामाजी म्हणाले, "नोकरीवर हाय. जरा हळू बोला."

मंगळवारी सकाळी माझा वर्गच नसतो. तशीच परत खाली बसले आणि ते जाईपर्यंत आवाज न करता गवार मोडत राहिले.