चौदा नंबरची माती

५ फेब्रुवारी

पुन्हा शून्य! ऐरोलीच्या खाडीकाठची माती, करंजाड्याच्या भाजीवाडीची, नेरूळच्या सोसायटीतल्या गुलाबांखालची — सगळी पाण्यात कालवून ऐंशी अंशांवर तापवली. तापवल्यावर बाकीचे जंतू मरतात, कवचात दडून बसणारे तेवढे उरतात. उरले बरेच, पण अळी मारणारा त्यात एकही नाही. अळ्या जावयासारख्या बसून कोबी खातायत!

संघमित्रा मॅडम म्हणाल्या, "मार्चपर्यंत काही हाती लागलं नाही, तर प्रोजेक्ट बंद करावा लागेल." मी मान हलवली. बाहेर येऊन निकेशवर उगाच ओरडले. तो बिचारा लॅबच्या अळ्यांना पानं घालत होता.

८ फेब्रुवारी

जेवताना बोलून गेले — मला कधीच औषध न मारलेली माती हवी, आणि ती या शहरात आता मिळायची नाही. बाबा बोंबील खात बसले.

९ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी बिस्किटांचा गंजका डबा हातात दिला. "घे गो बाय. आपल्या शेतानची हाय. हिच्यावर कंदी औषध मारलं नाय."

आपलं शेत म्हणजे शिरवण्याच्या मागचं. मी जन्मायच्या आधीपासून तिथे कंपनी उभी आहे. कुंपणाच्या कडेनं खरवडून आणली असणार. गुडघे दुखतात आणि ही हौस! मूठभरच आहे, कोरडी ठणठणीत. चौदा नंबर दिला.

१४ फेब्रुवारी

स्फटिक! चौदा नंबरमधल्या एका जंतूच्या अंगात! पत्त्यातल्या चौकटीसारखा, अगदी रेखीव. हाच तो, अळीच्या पोटात गेला की तिचं आतडं फाडणारा. निकेशला ओढत आणलं. मॅडम मायक्रोस्कोपवरून डोळा काढेनात. मग म्हणाल्या, "छान आहे, भाग्यश्री." त्यांच्या तोंडून छान! आज दुसरं काही लिहायचं नाही.

२० फेब्रुवारी

अळ्यांनी खाणं सोडलंय. साध्या पाण्यात बुडवलेल्या पानांची चाळण झाली, चौदा नंबरची पानं जशीच्या तशी.

२२ फेब्रुवारी

मेल्या! सगळ्या! मेलेल्या अळ्या बघून नाचणारी बाई जगात मी एकटीच असेन.

घरी सांगितलं तर बाबांनी गॅलरीतून शेजारच्या हौसेरावांना हाक मारली. "ओ, आमच्या पोरीनं जंतू पाललाय!" म्हटलं, बाबा, पाळला नाही, शोधला. "तेच ते." अर्ध्या आळीला कळलं असेल. मला जराही लाज वाटली नाही.

२४ फेब्रुवारी

टेबल आवरलं. उरलेली माती नियमाप्रमाणे ऑटोक्लेव्हमध्ये घातली. म्हणजे आमचा मोठा प्रेशर कुकर. त्यातून निघालेल्या मातीत काही जिवंत राहत नाही. मग कचऱ्यात. पुन्हा लागली तर कुंपण कुठे पळून जातंय! डबा घासून बाबांना परत दिला. त्यांनी उघडून आत पाहिलं. "सगली लागली काय गो?" मी म्हटलं, सगळी कामी आली. त्यांनी झाकण लावून डबा फळीवर ठेवला.

४ मार्च

मॅडमना धास्ती होती, बाजारातल्या अळीमार पावडरीतला जंतू तर आमच्या प्लेटवर आला नाही ना? आज डीएनएचा रिपोर्ट आला. वेगळा! कुणाचाही नाही, आपला! प्रोजेक्ट वाचला. मॅडमनी स्वतः पेढे आणले. म्हणाल्या, आता त्याच जागेची माती पुन्हा आण, त्यातून पुन्हा काढून दाखवू. किती दिवसांनी असं छाती काढून चालले!

५ मार्च

बाबांबरोबर कंपनीच्या कुंपणभिंतीपाशी गेले. कडेला माती नाहीच! भिंतीला लागून काँक्रीट, तेही जुनं, काळं पडलेलं. बाबा, मग आणलीत कुठून? ते भिंतीपलीकडे बघत राहिले. कुठल्या तरी कुंडीतली दिली की काय? मला खोटं पाडणार हे! नंतर म्हणाले, "चल, ऊन लागतंय." रागानं त्यांच्या पुढे चालत घरी आले.

६ मार्च

चहा पिताना बाबांनी सांगितलं. शेतात बुलडोझर आला त्या सकाळी मूठभर माती उचलली होती. तेव्हापासून डब्यात. तेवढीच.

मी म्हटलं, बाबा, उरलेली मी शिजवून फेकली. आणि रडायलाच लागले. ते बशीत चहा ओतत राहिले.

"तुजा तो जंतू जिता हाय ना?"

हो.

"मंग हाय की आपलं शेत."