बुडालेला मणी

सांगली, गुरुवार

प्रिय समीक्षा,

साताऱ्यात तुमच्याकडे सगळे कसे आहेत, असं विचारून सुरुवात करणार होते. पण ते खोटं वाटलं. दोन कागद फाडून झालेत. दिग्विजयने तुला फोन केला असेलच. त्याने सांगितलं ते त्याला दिसलं तेवढंच.

वर्षभर मी लालासाहेबांच्या तृणमणी संग्रहालयात नोंदणीचं काम करते आहे, हे तुला माहीत आहे. जहाजावर नोकरी करताना त्यांनी देशोदेशींचे हे मणी जमवले. झाडाचा चीक कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहून दगडासारखा झालेला, मधाच्या रंगाचा. एकात मुंगी जशीच्या तशी आहे. संग्रहालयासाठी त्यांनी जुनी हळदीची वखार दुरुस्त करून घेतली. चुन्याचा नवा गिलावा झाला, सागवानी खांब घासले, तरी दमट दिवशी भिंतींना हळदीचा वास येतो. रविवारी उद्घाटन आहे.

तुमच्या आटपाडीच्या घरची माळ मागवावी, हे मी सुचवलं नव्हतं. तुझ्या भावानेच, दिग्विजयने, लालासाहेबांना सांगितलं, की वाडीत कुणाच्या पोराला कावीळ झाली की आमची एकवीस मण्यांची माळ गळ्यात घालतात. मला कळलं तेव्हा नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

मंगळवारी तो तुझ्या आईला आणि भामाकाकूंना घेऊन आला. कुठलीही वस्तू मालकासमोर तपासूनच घ्यायची, हा लालासाहेबांचा नियम. पातेल्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं. त्या पाण्यात खरा तृणमणी तरंगतो, काच आणि प्लॅस्टिक बुडतं. मीठ बघून तुझी आई म्हणाली, “एवढ्यात आमच्या मेंढरांचं वरीस निघालं आस्तं.” सगळे हसले. मी सूत कापलं आणि एकेक मणी सोडत गेले. वीस तरंगले. एक सरळ तळाला गेला.

तुझी आई पातेल्याकडे न बघता जावेकडे बघत म्हणाली, “बगितलंस न्हवं, भामे? पान्यानं सांगितलं.” भामाकाकूंनी पदर सारखा केला. “पान्यानं माजं नाव न्हाई घेतलं, आक्का. तुमी घेतलं.” मग त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. झारा माझ्या हातात होता. लालासाहेबांनी सांगितलं तसं मी वहीत लिहिलं : वीस अस्सल, एक नक्कल.

वीसेक वर्षांपूर्वी तूच मला सांगितलं होतंस, की माळेतला एक मणी बदललेला निघाला आणि पेटी भामाकाकूंकडे असायची, म्हणून त्यांनीच विकला असं घरात ठरलं. पेटी त्यांच्याकडून काढून घेतली, चूल वेगळी झाली. ते सांगताना तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. मी चहा गाळत राहिले. तुला काही विचारायचं होतं का, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

आता तुझ्या आईने निरोप पाठवला आहे, की माळ देणाऱ्यांच्या फलकावर दोघी जावांची नावं नकोत, भामाबाईचं गाळा. रंगारी शनिवारी फलक लिहिणार आहे. समीक्षा, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी तू घरी न सांगता ती माळ हॉस्टेलवर आणलीस आणि माझ्या गळ्यात घातलीस. त्या संध्याकाळी न्हाणीघरात सूत तुटलं. वीस मणी मिळाले, एक मोरीतून गेला. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या बाजारात तसाच दिसणारा एक मणी घेतला, ओवला आणि तुला न सांगताच माळ परत दिली. त्या दिवशीची डायरी परवा काढून पाहिली. ‘नाच चांगला झाला’, एवढंच लिहिलंय. मी उद्या सकाळच्या एसटीने आटपाडीला जाते आहे. आधी भामाकाकूंना सांगेन, मग त्या म्हणतील त्यांच्यासमोर. माळ तू नेली होतीस, हेही सांगावं लागेल. ते लपवून कसं सांगता येईल याचा मी दोन दिवस विचार केला. जमलं असतं, पण लपवणार नाही. म्हणूनच फोन केला नाही. तू थांब म्हणाली असतीस आणि मी थांबले असते. हे तुझ्या हातात पडेल तोवर तुमच्या दारात माझं बोलून झालेलं असेल. त्यानंतर आईचा फोन आला, तर उचल.

तुझीच,
वैजयंता