गेम पार्लरविरुद्धचा पुरावा

सोमवार, २ मे २००५. सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटं.
डेपोमागच्या गेम पार्लरमध्ये माझी नात कोमल कॉम्प्युटरवर माणसं मारताना सापडली. नववी पास झालेली मुलगी! हाक मारली. मान न वळवता म्हणाली, आजी, थांब जरा, तिघंच राहिलेत.
अठ्ठावीस वर्षं हेडमिस्ट्रेस होते. मला कोणी थांब म्हटलेलं नाही.
आईबाप सुरतला, म्हणून दहावीपर्यंत ती माझ्याकडे. घरात तेवढाच आवाज. तिला हातची जाऊ देणार नाही. संकल्प: हे खेळ मुलांना हिंसक करतात हे पंधरा दिवसांत सिद्ध करायचं आणि पार्लर बंद पाडायचं. मालक शिवहार माझाच विद्यार्थी. त्याला मेमो दिला. खुलासा तीन दिवसांत.

मंगळवार, ३ मे.
कोमलच्या हिंसेचं रजिस्टर उघडलं. आज निरंक. स्वयंपाकघरात झुरळ निघालं. मार म्हटलं, तर तिनं सुपलीत घेऊन अंगणात सोडलं. गुन्हेगार सुरुवातीला असेच सावध असतात. बाहेर जाऊन मीच मारलं.

गुरुवार, ५ मे.
लेखी खुलासा नाही. शिवहार तोंडी म्हणाला, मॅडम, सहावीत तुमी माझ्या हातावर फूटपट्टी मोडली व्हती, तवा हिंगोलीत गेम कुठं व्हता?
शिस्त आणि हिंसा यांतला फरक याला अजून कळत नाही. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बोटांवर मारत आणि वर थँक्यू म्हणायला लावत. पट्टी मोडली, कारण सप्लायच निकृष्ट होता.

रविवार, ८ मे.
पार्लरसमोर छत्री घेऊन तीन तास निरीक्षण. अकरा पोरं बाहेर आली. कोणी कोणाला हात लावला नाही. हनुमान नावाच्या एका दांडगटानं मला खुर्ची आणून दिली. ढोंग.
चहावाला कोंडीबा म्हणाला, आजीबाई, तुमचा नंबर कवा? त्याला छत्री लागली. हिंसा एक. पण मारणारी व्यक्ती गेम खेळत नसल्यानं मोजली नाही. संशोधन प्रामाणिक हवं.

सोमवार, ९ मे.
संशोधनासाठी स्वतः खेळले. दहा मिनिटंच. चार सेकंदांत मेले. हनुमाननं पाठीमागून गोळी घातली. मॅनर्स नाहीत.

बुधवार, ११ मे.
दहा मिनिटं पुरत नाहीत. अडीच तास. हनुमानला दोनदा उडवला. कोमल जेवायला बोलवायला आली. थांब म्हटलं. माझ्या थांबण्याचं कारण वेगळं.

शुक्रवार, १३ मे.
आजी, बास कर, डोळे लाल झालेत, असं म्हणून कोमलनं कॉम्प्युटरच बंद केला. चौथी लेव्हल होती. तिच्या गालावर हात उठला.
शिवहार म्हणाला, काहून मारून राहिल्या मॅडम लेकराला? कोमल रडली नाही. म्हणाली, शाळेत सगळ्यांना मारायचीस हे ऐकलं होतं. मला वाटलं, नातीला नसतं.
रजिस्टरमध्ये पहिली नोंद. कोमलच्या नावे, चिथावणी तिची होती. पुरावा हाती आला.

शनिवार, १४ मे.
सकाळच्या एसटीनं कोमल शिरड शहापूरला गेली, तिच्या आत्याकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे, रागिणीकडे. संध्याकाळी रागिणीचा फोन. आई, ती आता इथंच शिकेल. मला माझं लहानपण आठवतं.
काय आठवतं ते विचारलं नाही. तेव्हा गेम नव्हते. त्यामुळे ते या विषयात बसत नाही.

रविवार, १५ मे.
पार्लर बंद करावं म्हणून कलेक्टरांना अर्ज लिहायला बसले. लिहिला नाही. सवयीनं भाकरी जास्त झाल्या.

सोमवार, १६ मे. सकाळी ८.
मेमो पाठवला. स्थळप्रत इथे:
कुमारी कोमल हिला कळवण्यात येते की, पूर्वपरवानगीशिवाय घर सोडल्याबद्दल तिनं लेखी खुलासा करावा. गालाचा प्रश्न सध्या विचाराधीन आहे. सोबत पोस्टकार्ड जोडलं असून त्यावर माझा पत्ता मीच लिहिला आहे. मजकूर मोठा नको. नुसतं ‘येते’ लिहिलं तरी खुलासा मंजूर होईल. मात्र उत्तर लेखीच हवं, आणि ते शनिवार, २१ मे, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.