डॉक्टरांचं नाव घेऊन

बाबा, परवा मी पाण्यात उतरले. लेझरने चष्मा घालवला त्याला सव्वा महिना झाला. पलासियाच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी महिनाभर पोहायला बंदी केली होती, परवा तपासून म्हणाल्या, "आता जा. पण गॉगल टाइट हवा, और आँख रगड़ना बिल्कुल नहीं." मी सहज सांगितलं, की पंधराव्या वर्षी चष्म्याच्या नंबरामुळेच माझं पोहणं सुटलं होतं. त्या हसल्या. "पोहण्याने नंबर कुठे वाढतो? कोणत्या डॉक्टरांनी मना केलं तुम्हाला?"

पोटाखाली हात धरून मला पोहायला शिकवलंत ते तुम्हीच. जिल्ह्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर होती. डोळ्यांचा रिपोर्ट आणायला तुम्ही एकटे गेलात. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवतेय, तुम्ही दारातच उभे आहात, चपलाही न काढता. "डॉक्टर नाही म्हणाले. पाण्याने नंबर वाढेल, डोळे जातील." तुमचा आवाज इतका जड झाला होता की उलट मीच तुमची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला महागडी फ्रेम आणलीत आणि मी ती मिरवली.

परवा तपासणीहून घरी आल्यावर आईला विचारलं. ती पालक निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अगं, डॉक्टरने मना कुठे केलं? तुझी आत्या बोलून गेली नं, पोरगी सयानी झाली, सबके सामने ते कॉस्ट्यूम बरं दिसत नाही. बाबांना लागलं ते." म्हणजे तिलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत.

सरळ नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, वर्षभर अबोला धरला असता आणि मग विसरूनही गेले असते. पण मी डॉक्टरांशी भांडणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. त्या एका वाक्यापायी मी तेवीस वर्षं स्वतःच्याच डोळ्यांना घाबरले, केस धुतानाही ते घट्ट मिटून घेत आले. आत्याला बोलायची तुमची हिंमत झाली नाही, हे मी समजू शकते. त्याची किंमत माझ्याकडून घेतलीत आणि वर माझ्याकडूनच सांत्वन करून घेतलंत, ते मला माफ करता येत नाही.

परवा संध्याकाळीच मी पोहायला गेले. पहिली फेरी कडेकडेने, दुसरी अर्धी झाली आणि दम लागला. पण गॉगलमधून तळाच्या फरशा एकेक स्वच्छ दिसत होत्या. लहानपणी मला त्या कधी नीट दिसल्याच नव्हत्या.

तुम्ही गेल्यावर आता हे कुठे पाठवणार, वहीतच राहील. एक मात्र सांगून टाकते. घरून निघताना आईला पोहायला जाते म्हणवेना. डॉक्टरांनी परत बोलावलंय, असं मी म्हणाले.